१२७ दात्यांचा गिअर: लेथवर इंची आणि मेट्रिक आटे पाडण्याचं गणित

एम २० चा, म्हणजे २० मिलिमीटर जाड बोल्टाचा, नट होता आणि त्याला बसेल असा स्टड, म्हणजे बिनडोक्याचा बोल्ट, करून द्यायचा होता. एम २० ची पिच, म्हणजे शेजारच्या दोन आट्यांमधलं अंतर, अडीच मिलिमीटर. मी तेव्हा उमेदवारी करत होतो आणि माझ्याकडे होतं इंची लीड स्क्रूचं जुनं लेथ. मशीनवरच्या पत्र्यावर सगळे आकडे टीपीआयमध्ये, म्हणजे एका इंचात किती आटे या मापात. अडीच मिलिमीटर त्यात कुठेच नव्हतं. मी मनातल्या मनात हिशेब केला: एक इंच म्हणजे २५.४, त्याला १० ने भागलं की २.५४. अडीचच्या जवळपासच की! दहाचे आटे पाडले. दिसायला सुरेख आले. नट पहिले दोन फेरे हाताने फिरला, तिसऱ्याला जड झाला. पुढे पान्याने रेटला तर मध्येच अडकून बसला, ना पुढे ना मागे. शेवटी स्टड आणि नट दोन्ही कापावे लागले.

मिस्त्रीकाका रागावले नाहीत. खडू घेऊन त्यांनी फरशीवर लिहिलं, ०.०४ गुणिले ६. "नटात किती आटे धरतात? सहा धर. प्रत्येक आटा चार शतांश मिलिमीटर पुढे पळतोय. सहाव्याला जवळजवळ पाव मिलिमीटर झालं. तेवढी जागा आहे का रे तिथे?"

नव्हती. त्या दिवशी त्यांनी मला चेंज गिअरचं गणित शिकवलं, आणि तेच इथे मांडतो आहे. आयटीआयमधल्या टर्नर ट्रेडच्या मुलांना ते पाठ असतं. पण सूत्र पाठ असणं वेगळं आणि गिअर का बदलायचे हे कळणं वेगळं. एकदा कळलं की पत्र्यावरचा तक्ता पुसला गेला तरी काम अडत नाही.

सुरुवात स्वयंपाकघरातून करू. लाटणं एका हाताने फिरवा आणि दुसऱ्या हाताने त्यावर दोरा सोडत हात सावकाश बाजूला न्या. लाटण्याचा एक फेरा होईस्तोवर हात जितका सरकला तितकं दोऱ्याच्या दोन वेढ्यांमधलं अंतर. हीच पिच. हात भरभर नेला तर वेढे लांब लांब पडतात, सावकाश नेला तर जवळ जवळ. लेथवर लाटण्याच्या जागी जॉब, म्हणजे ज्यावर आटे पाडायचे तो धातूचा तुकडा, आणि हाताच्या जागी कापणारं टूल. जॉबचा एक फेरा होताना टूल नेमकं एका पिचइतकंच सरकलं पाहिजे. अडीचची पिच असेल तर अडीच. दोन पूर्णांक चोपन्न शतांश नाही.

टूल सरकवायचं काम लीड स्क्रू करतो. लेथच्या पुढच्या अंगाला आडवा असलेला तो लांबलचक स्क्रू. टूल घेऊन सरकणारा भाग म्हणजे सॅडल. त्यातला हाफ नट, म्हणजे उघडता-मिटता येणारा दोन अर्ध्या तुकड्यांचा नट, त्यावर मिटला की लीड स्क्रूच्या एका फेऱ्याला सॅडल लीड स्क्रूच्या पिचइतकं सरकतं. आपल्याकडच्या अनेक लेथना ४ टीपीआयचा लीड स्क्रू असतो, म्हणजे पाव इंच पिच. बऱ्याच लेथना ६ मिलिमीटर पिचचाही असतो. तुमचा कोणता ते आधी पाहा, कारण पुढचं सगळं गणित त्यावर उभं आहे. पत्रा नसेल तर पट्टी लावून मोजा: एका इंचात नेमके चार आटे बसले तर इंची, ६० मिलिमीटरमध्ये नेमके दहा बसले तर मेट्रिक.

आता प्रश्न एवढाच की जॉबचा एक फेरा होताना लीड स्क्रूचे किती फेरे व्हायला हवेत. लीड स्क्रूची पिच ६ आणि पाडायची पिच ३ असेल तर अर्धा फेरा. पाडायची पिच दीड असेल तर पाव फेरा. हे "किती फेरे" ठरवणारे गिअर लेथच्या डाव्या टोकाला झाकणाखाली असतात. तेच चेंज गिअर. फिरवणारा तो ड्रायव्हर, फिरणारा तो ड्रिव्हन. सूत्र एकच:

ड्रायव्हरचे दाते / ड्रिव्हनचे दाते = पाडायची पिच / लीड स्क्रूची पिच

याहून जास्त काही पाठ करायची गरज नाही. एक सावधगिरी मात्र ठेवा. माप टीपीआयमध्ये असेल तर अपूर्णांक उलटा होतो, कारण टीपीआय वाढला की पिच कमी होते. तिथे वर लीड स्क्रूचा टीपीआय येतो आणि खाली पाडायचा टीपीआय. नवशिक्यांच्या सर्वांत जास्त चुका इथेच होतात. माझी सवय अशी की टीपीआय दिसला की आधी त्याची पिच करायची, ८ टीपीआय म्हणजे १/८ इंच, आणि मग वरचंच सूत्र लावायचं. मग उलटसुलट लक्षात ठेवावं लागत नाही.

इंचावर इंच

आपल्याकडे कारागीर अजून सुतात बोलतात. एक सूत म्हणजे १/८ इंच. "चार सुती बोल्ट" म्हणजे अर्ध्या इंचाचा. भारतात वजन-मापांचा मेट्रिक कायदा १९५६ साली आला, तरी पाण्याच्या पाइपचे आटे आजही इंचीच आहेत. अर्धा इंची आणि पाऊण इंची पाइपला १४ टीपीआय, एक इंचीपासून वर ११. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये ५५ अंशांच्या आट्यांचं जे प्रमाण इंग्लंडमध्ये मांडलं, त्याच घराण्यातले हे आटे. अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी १८६४ मध्ये ६० अंशांचं प्रमाण मांडलं. त्यामुळे चार सुती बोल्ट इंग्लिश असेल तर १२ टीपीआयचा आणि अमेरिकन असेल तर १३ चा निघू शकतो. जुन्या मशीनचा बोल्ट हातात आला की पिच गेज, म्हणजे आट्यांवर धरून पिच ओळखायची दातेरी पट्टी, लावल्याशिवाय कामाला हात घालू नका. अंशांचा आणि चेंज गिअरचा मात्र संबंध नाही. गिअर फक्त पिच देतात, कोन टूलच्या टोकाला असतो.

४ टीपीआयच्या लीड स्क्रूवर ११ टीपीआय पाडायचे तर ४/११. वर-खाली १० ने गुणा: ४०/११०. म्हणजे ४० चा ड्रायव्हर, ११० चा ड्रिव्हन. १४ टीपीआयला ४/१४, म्हणजे २०/७०. १९ ला २०/९५. अमेरिकन १३ ला २०/६५. लेथबरोबर येणारा नेहमीचा संच २० पासून १२० पर्यंत पाच-पाचने चढत जातो आणि त्याशिवाय एक एकटा १२७ चा गिअर असतो. तो का असतो ते पुढे येतंच आहे.

ड्रायव्हर आणि ड्रिव्हन यांच्यामध्ये अंतर भरायला जो गिअर घालतात तो आयडलर. तो कितीही दात्यांचा असो, गुणोत्तर बदलत नाही. त्याला एका बाजूने जितके दाते ढकलले जातात तितकेच तो दुसऱ्या बाजूला पुढे देतो. त्याने बदलते ती फक्त दिशा. एकाऐवजी दोन आयडलर घातले तर लीड स्क्रू उलट फिरेल आणि उजव्याऐवजी डावे आटे पडतील. लेथवरची टंबलर नावाची दांडी हेच दिशा बदलायचं काम करते.

कधी कधी एका जोडीत काम भागत नाही. १/८ इंची पाइपला २८ टीपीआय लागतात, म्हणजे ४/२८ किंवा १/७. २० च्या ड्रायव्हरला १४० चा ड्रिव्हन हवा आणि तो संचात नाही. मग अपूर्णांकाचे दोन तुकडे करायचे: २०/७० × ४०/८०. २/७ गुणिले १/२, म्हणजे १/७. मधल्या स्टडवर (इथे स्टड म्हणजे गिअर बसवायचा आखूड दांडा) एकाच चावीवर दोन गिअर बसतात. ७० चा ड्रिव्हन म्हणून फिरतो आणि त्याच्याच शेजारी ४० चा ड्रायव्हर होतो. याला कंपाउंड ट्रेन म्हणतात. इथे मधले गिअर आयडलर नाहीत, त्यांचे दाते गणितात मोजले जातात. दोन्ही ड्रायव्हर एकमेकांच्या जागी बदलले तरी गुणाकार तोच, दोन्ही ड्रिव्हन बदलले तरी तोच. ही सूट फार उपयोगी आहे. का ते मेट्रिककडे गेल्यावर दिसेल.

१२७ कुठून आला

आता खरा पेच. लीड स्क्रू इंची आणि आटे मेट्रिक. ४ टीपीआय म्हणजे ६.३५ मिलिमीटर पिच. पाडायची पिच १.५. सूत्र सांगतं १.५ / ६.३५. या अपूर्णांकाचं काय करायचं? दशांश चिन्ह घालवायला वर-खाली २० ने गुणा. वर ३०, खाली १२७. म्हणजे ३०/१२७.

एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, म्हणजेच १२७/५. आणि १२७ ही मूळ संख्या आहे. एक आणि ती स्वतः सोडून दुसरी कोणतीही संख्या तिला भागत नाही. १२० असता तर ४० गुणिले ३ असे तुकडे करून लहान गिअरमध्ये वाटता आला असता. १२७ ला तुकडेच नाहीत. इंच आणि मिलिमीटर यांची गाठ नेमकी घालायची असेल तर गिअरच्या साखळीत कुठेतरी १२७ दाते, किंवा १२७ च्या पटीत दाते, असलेच पाहिजेत. पळवाट नाही. म्हणून संचात तो एकटा गिअर असतो.

इंच नेमका २५.४ ठरला तोही तसा अलीकडेच. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका यांनी १९५९ मध्ये मिळून इंच म्हणजे अचूक २५.४ मिलिमीटर असं मान्य केलं. त्याआधी अमेरिकन इंच आणि ब्रिटिश इंच यांच्यात केसाहूनही बारीक फरक होता. बोल्टाच्या कामात तो कधी जाणवला नसता, पण १२७ चं गणित शेवटच्या दशांशापर्यंत चोख बसतं ते त्या करारामुळे.

आता ४ टीपीआयच्या लीड स्क्रूची गंमत पाहा. ६.३५ म्हणजे १२७/२०. त्यामुळे खाली नेहमी १२७ येतो आणि वर येते पिच गुणिले २०. पिच १ ला ड्रायव्हर २०. सव्वाला २५, दीडला ३०, पावणेदोनला ३५, दोनला ४०, अडीचला ५०, तीनला ६०, साडेतीनला ७०, चारला ८०, थेट सहाला १२० पर्यंत. संचातले पाच-पाचने चढणारे गिअर या पिचेसवर अगदी हातात हात घातल्यासारखे बसतात. मिस्त्रीकाकांनी मला हे एका वाक्यात सांगितलं होतं: "पिचला विसाने गुण, खाली एकशेसत्तावीस लाव." मला आजवर याहून सोपी मेट्रिक थ्रेडिंगची शिकवणी मिळालेली नाही.

पाऊण मिलिमीटरची पिच आली की मात्र १५ चा ड्रायव्हर हवा आणि तो संचात नाही. मग १५/१२७ चे तुकडे: २०/४० × ३०/१२७. गणित बरोबर. पण गिअर लावायचे कसे? समजा वरच्या स्टडवर २०, त्याला भिडणारा १२७, त्याच्या शेजारी ३०, आणि लीड स्क्रूवर ४०. गुणाकार तोच येतो, पण हे लागतच नाही. ३० आणि ४० हे दोन लहान गिअर भिडवायचे तर मधला स्टड लीड स्क्रूच्या अगदी जवळ न्यावा लागतो आणि त्याच स्टडवरचा थाळ्याएवढा १२७ लीड स्क्रूच्या दांड्यावर जाऊन आदळतो. तेच ड्रिव्हन एकमेकांच्या जागी बदलले, वर २० ला ४० भिडवला, शेजारी ३० आणि लीड स्क्रूवर १२७ घेतला, की सगळं आरामात बसतं.

हे हाताने लावून पाहण्याआधी कागदावर तपासता येतं. चार गिअर क्रमाने घ्या: पहिला ड्रायव्हर, पहिला ड्रिव्हन, दुसरा ड्रायव्हर, दुसरा ड्रिव्हन. पहिल्या दोघांची बेरीज तिसऱ्यापेक्षा निदान १५ ने जास्त हवी. शेवटच्या दोघांची बेरीज दुसऱ्यापेक्षा निदान १५ ने जास्त हवी. ते १५ दांड्याच्या जाडीसाठी. दांडा जाड असेल तर थोडे जास्त धरा.

आता उलटी बाजू, आणि इथे या नियमाची खरी किंमत कळते. लीड स्क्रू ६ मिलिमीटरचा आहे आणि अर्ध्या इंची पाइपचे १४ टीपीआय पाडायचे आहेत. पिच २५.४/१४, भागिले ६. सोपं रूप १२७/४२०. या वेळी १२७ वर आला, म्हणजे तो ड्रायव्हर. तुकडे करा: १२७ × २० वर, १०५ × ८० खाली. चारही गिअर संचात आहेत. हे चार गिअर लावायचे चार क्रम होतात आणि त्यातला एकच बसतो. पहिला २० घेतला तर तो १०५ ला भिडो की ८० ला, बेरीज १२५ किंवा १०० येते आणि शेजारच्या १२७ ला ती पुरत नाही. पहिला १२७ आणि त्याला १०५ घेतला तर पुढे २० आणि ८० ची बेरीज १००, तीही १०५ ला पुरत नाही. उरला शेवटचा: १२७ ला ८०, शेजारी २०, लीड स्क्रूवर १०५. १२७ अधिक ८० म्हणजे २०७, पुढे २० आहे, भरपूर जागा. २० अधिक १०५ म्हणजे १२५, ८० पेक्षा ४५ ने जास्त. बसला. नियम माहीत नसेल तर माणूस झाकण उघडून दोन तास तेलात हात घालून हेच शोधत बसतो, आणि शेवटी म्हणतो की या लेथवर चौदा होत नाहीत.

वरच्या स्टडवर १२७ चढवण्याआधी झाकणात त्याला जागा आहे का ते मात्र पाहा. मॉड्यूल (दात्याच्या आकाराचं माप) २ चा १२७ दात्यांचा गिअर घेतला तर त्याचं पिच वर्तुळ २५४ मिलिमीटर, म्हणजे बरोबर १० इंच. दात्यांच्या टोकापर्यंत मोजलं तर २५८. लहान लेथवर एवढा थाळा मावतच नाही.

हा गिअर कापणंही साधं काम नाही. एका फेऱ्याचे सारखे भाग पाडायला डिव्हायडिंग हेड वापरतात. त्याच्या हँडलचे ४० फेरे झाले की जॉबचा एक फेरा होतो. १२७ भाग पाडायचे म्हणजे दर वेळी हँडलचा ४०/१२७ फेरा हवा, आणि नेहमीच्या प्लेटांत १२७ भोकांचं वर्तुळ नसतं. म्हणून हँडल दर वेळी १/३ फेरा फिरवतात आणि प्लेटच गिअरने जोडून मागे सरकवत नेतात. १२७ वेळा १/३ म्हणजे ४२ पूर्णांक १/३ फेरे. हवे आहेत ४०. जास्तीचे २ पूर्णांक १/३, म्हणजे ७/३ फेरे, प्लेट उलट फिरून परत घेते. त्यासाठी ५६ आणि २४ चे गिअर लावतात, कारण ५६/२४ म्हणजेच ७/३. एक गिअर कापायला दुसऱ्या गिअरांचं गणित! मी हे पहिल्यांदा पूर्ण होताना पाहिलं, शेवटचा दाता पहिल्या दात्याशी चोख जुळला, तेव्हा मनापासून आनंद झाला होता.

१२७ नसेल तर

नसेल तरी काम होतं, पण इथे "जवळपास" या शब्दाचा हिशेब ठेवावा लागतो. ६३ चा गिअर वापरतात. कारण १६००/६३ केलं की २५.३९६८ येतात, २५.४ च्या अगदी लगत. ४ टीपीआयवर दीडची पिच पाडायला ३०/८० × ६३/१०० लावा. येणारी पिच १.५००१९. चूक आठ हजारात एक. २० मिलिमीटर लांब नटात ती अडीच सहस्रांश मिलिमीटर होते, आणि नटाला तिची खबरही लागत नाही. ३०० मिलिमीटर लांबीत जवळजवळ चार शतांश. म्हणजे बोल्ट, स्टड, नट यांना ६३ खुशाल चालेल. दुसऱ्या मशीनचा लांब लीड स्क्रू किंवा मोजमापाचा स्क्रू करायचा असेल तर चालणार नाही.

माझ्या त्या एम २० च्या स्टडमध्ये मीही "जवळपास"च म्हटलं होतं. फरक इतकाच की २.५४ आणि २.५ मधली चूक शेकडा १.६ होती. ६३ च्या चुकीपेक्षा सव्वाशे पटींहून जास्त. किती जवळ हे आकड्यात काढलं नव्हतं.

लेथला गिअर बॉक्स असेल तर एवढं सगळं करावं लागत नाही. वेंडेल नॉर्टन यांच्या १८९२ च्या अमेरिकन पेटंटपासून ही सोय आली: दांडी सरकवली की पिच बदलते. पण बॉक्सवरचा तक्ता बाहेरचे चेंज गिअर ठरलेले आहेत असं धरून छापलेला असतो. कुणी मेट्रिकसाठी बाहेर १२७ लावला आणि काम झाल्यावर तसाच सोडला, तर दुसऱ्या दिवशी येणाऱ्या माणसाला पत्र्यावरचा प्रत्येक आकडा चुकीचा मिळतो. अनेकांच्या हाताखाली असलेल्या लेथवर दांडीकडे हात न्यायच्या आधी झाकण उघडून गिअर मोजा.

हाफ नट उघडायचा की नाही

गिअर बरोबर लागले तरी आटे बिघडवणारी एक जागा उरते. आटे एका कटात होत नाहीत, आठ-दहा कट लागतात. प्रत्येक कटाला टूल आधीच्याच खाचेत पडलं पाहिजे. हाफ नट उघडून सॅडल हाताने मागे आणलं आणि भलत्याच ठिकाणी मिटला तर नवी खाच जुन्या आट्याच्या माथ्यावर पडते आणि जॉब गेला.

इंचावर इंच पाडताना हे थ्रेड डायल, म्हणजे हाफ नट कधी मिटायचा ते दाखवणारी सॅडलवरची तबकडी, सांभाळते. तिच्या खालच्या चाकाला १६ दाते असतील आणि लीड स्क्रू ४ टीपीआयचा असेल, तर डायलचा एक फेरा म्हणजे सॅडलचे चार इंच. वर चार आकडे, मध्ये चार अर्ध्या रेषा. दोन आकड्यांमध्ये एक इंच. एका इंचात ११ टीपीआयचे पूर्ण अकरा आटे बसतात, म्हणून कोणत्याही आकड्यावर हाफ नट मिटा, खाच जुळेल. टीपीआय सम असेल, समजा १४, तर अर्ध्या इंचातही पूर्ण सात आटे होतात, मग अर्धी रेषाही चालते. चारच्या पटीत असेल तर हाफ नट जिथे मिटेल तिथे मिटा. आणि साडेअकरा टीपीआय आला तर दोन इंचांनीच पूर्ण तेवीस होतात, म्हणून एक सोडून एक आकडा.

मेट्रिक आटे इंची लीड स्क्रूवर पाडताना ही डायल विसरून जा. ६.३५ आणि १.५ यांचा लसावि काढला तर १९०.५ मिलिमीटर येतो. म्हणजे १९०.५ मिलिमीटर सरकल्याशिवाय खाच आणि हाफ नट पुन्हा जुळतच नाहीत, आणि डायलचा फेरा तर १०१.६ लाच संपतो. तेव्हा पहिल्या कटाला हाफ नट मिटा आणि शेवटच्या कटापर्यंत उघडू नका. कट संपला की आधी क्रॉस स्लाइडने टूल बाहेर काढा, मशीन थांबवा, मग उलट फिरवून सॅडल मागे आणा. सुरुवातीच्या जागेच्या चार-पाच मिलिमीटर मागे न्या, म्हणजे पुढे येताना गिअरमधला आणि हाफ नटमधला प्ले (ढिलेपणा) आधीच निघून गेलेला असतो. जॉब पकडणारा चक मशीनवर आट्यांनी बसवलेला असेल तर उलट फिरवताना घाई करू नका. झटक्याने उलट घेतला तर तो सैल होऊन निघू शकतो.

हाताचं काम

गिअर बदलताना मेन स्विच बंद. फक्त मशीन बंद नाही, मेन स्विच. दोन गिअरमध्ये बोट गेलं तर परत मिळत नाही.

क्वाड्रंटवर, म्हणजे चेंज गिअर धरणाऱ्या खाचेच्या पट्टीवर, गिअर भिडवताना ते दाबून बसवू नका. दात्यांमध्ये वर्तमानपत्राच्या कागदाची पट्टी घाला, गिअर कागदावर दाबून नट घट्ट करा आणि चक हाताने फिरवून पट्टी बाहेर काढा. कागदावर दात्यांचे वळ स्पष्ट दिसावेत, पण कागद फाटलेला नसावा. तेवढीच जागा दात्यांना हवी असते. जास्त घट्ट बसवले तर मशीन विव्हळतं आणि दाते झिजतात, जास्त सैल ठेवले तर कट घेताना टूल धडधडतं.

अजून एक पाहून घ्या. स्पिंडलचा, म्हणजे चक फिरवणाऱ्या मुख्य दांड्याचा, एक फेरा होताना वरच्या स्टडचाही एकच फेरा होतो का? बहुतेक लेथवर होतो आणि वरचं सगळं गणित तसंच धरलं आहे. चकवर आणि स्टडच्या गिअरवर खडूची रेघ मारून चक एकदा हाताने फिरवा. दोन्ही रेघा एकदम जागेवर आल्या तर ठीक. नाही आल्या तर ते गुणोत्तर सूत्रात गुणून घ्यावं लागेल.

आणि टूल लावायच्या आधी शेवटची तपासणी. स्पिंडल न्यूट्रलमध्ये, हाफ नट मिटलेला. चक पुढच्या दिशेने थोडा फिरवून प्ले काढून घ्या, सॅडलच्या कडेला बेडवर खूण करा, आणि चक हाताने मोजून दहा फेरे फिरवा. सॅडल दहा पिच सरकलं पाहिजे. मग जॉबवर निळ्या शाईचा हात फिरवून टूलने फक्त ओरखडा काढा, धातू कापू नका, आणि त्यावर पिच गेज धरून उजेडाकडे पाहा.

एम २० चा तो दुसरा स्टड मी त्याच लेथवर केला. अडीच गुणिले वीस, पन्नास. खाली १२७. कागदाची पट्टी काढली, दहा फेरे मोजले आणि काकांना हाक मारली. त्यांनी खुणेवर स्टीलची पट्टी धरली. पंचवीस. मी आधी पाडलेल्या दहा टीपीआयला तिथे पंचवीस पूर्णांक चार दिसले असते, साध्या डोळ्यांना दिसतील इतके.